तक्रारीचा पत्ता

कुणीतरी आपली तक्रार करावी असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. त्यांच्याबरोबर मी अबुधाबीत काही वर्षं नोकरी केली.

क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनला होते. रिसेप्शन म्हणजे फोन, फाइली, अपॉइंटमेंट, आणि मराठी किंवा हिंदी पेशंट आला की दुभाषीपण. मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून हे मी कुणी न विचारता सांगते. फुशारकी वाटली तर वाटो. सरांचं उलटं होतं. विलायतेत शिकून आलेला माणूस, पण कुणी ‘डॉक्टर’ म्हटलं की हात वर करून थांबवायचे.

“डॉक्टर पलीकडच्या खोलीत बसतात. मी ऑस्टिओपॅथ. हाडं, सांधे, स्नायू हाताने तपासतो आणि हातानेच काय ते करतो. औषध देत नाही, सुई टोचत नाही. कळलं?”

“कळलं डॉक्टर,” पेशंट म्हणायचा.

सर मूळचे सांगलीकडचे. साठीला टेकलेले, उंच, आणि जगाच्या पाठी सरळ करणाऱ्या या माणसाला स्वतःला चांगलंच पोक होतं. एसीत हात गार पडतात म्हणून प्रत्येक पेशंटच्या आधी ते कोमट पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून उभे राहायचे. पेशंट शर्ट काढायला लागला की भिंतीकडे तोंड करायचे आणि मोठ्याने पाढे म्हणायचे. एकोणतीसचा म्हणा, सत्तावीसचा म्हणा. मी एकदा विचारलं, सर, हे काय?

“बाई, माझी पाठ आहे हे त्याला दिसतं. पण माझं लक्षही त्याच्याकडे नाही हे त्याला कसं कळणार? पाढा चुकला नाही की कळतं.”

त्यांचं लायसन फ्रेम करून भिंतीवर लावलेलं नव्हतं. ते छताला चिकटवलेलं होतं, टेबलाच्या बरोब्बर वर. उताणा झोपलेला पेशंट कुठे बघणार? छताकडे. आणि पालथा झोपला तर टेबलाला तोंडासाठी भोक असतं, त्यातून जमीन दिसते. तिथे फरशीवर दुसरी प्रत, प्लॅस्टिकच्या आवरणात. झाडूवाल्याला सक्त ताकीद होती की ती रोज पुसायची. एक पंजाबी बाई एकदा बाहेर येऊन मला म्हणाल्या, “सुनो, तुम्हारे डॉक्टर का फोटो मैंने बीस मिनट देखा. अब सपने में आएगा.”

नवीन पेशंटला ते टेबलावर झोपूच द्यायचे नाहीत. आधी समोर खुर्चीवर बसवायचे आणि म्हणायचे, “मला तीन प्रश्न विचारा.” पेशंट गोंधळायचा. मग प्रश्न तेच सांगायचे. कुठे शिकलात? तुम्हाला परवानगी कुणी दिली? आणि तुमच्या हातून चूक झाली तर मी कुणाकडे जाऊ? पेशंटने हे तिन्ही स्वतःच्या तोंडाने विचारल्याशिवाय पुढचं काम नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं असायचं. खिशातून एक पांढरं कार्ड काढून ते पेशंटच्या हातात ठेवायचे. त्यावर आरोग्य खात्याच्या ज्या ऑफिसात आमच्यासारख्यांची तक्रार घेतात त्याचा पत्ता आणि फोन. इंग्रजीत, अरबीत, हिंदीत. स्वतःचा नंबर मात्र त्यावर नाही.

आमच्या मालकाला ते कार्ड दिसलं तो दिवस मला आठवतो. माणूस हैदराबादचा, बोलायला गोड.

“सर, ये क्या है? होटल में मेन्यू के साथ पुलिस का नंबर देता है क्या कोई?”

“जिस होटल का खाना अच्छा है उसको देने में क्या डर है?” सर म्हणाले.

“हबीबी, डर नहीं. लेकिन भूख मर जाती है ना!”

कार्डं बंद झाली नाहीत. सर ती स्वतःच्या पगारातून छापून आणायचे. मी एक घरी नेलं होतं. माझी मुलगी तेव्हा चौथीत. तिने कार्ड उलटसुलट करून विचारलं, “मम्मी, व्हाय डझ ही वॉन्ट पीपल टु कम्प्लेन? इज ही अ बॅड डॉक्टर?” मी कार्ड तिच्या हातून घेऊन पर्समध्ये टाकलं.

तेव्हा काळ कसा होता तेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात सरांच्या कामाला तिकडे वेगळं नावच नव्हतं. ते फिजिओथेरपीच्या लायसनवर बसत. कोण खरा शिकलेला आणि कोण दोन महिन्यांचा कोर्स करून आलेला, पेशंटला कळायची सोय नव्हती. मग शतक बदललं त्या सुमारास आरोग्य खात्याने या कामासाठी वेगळी परीक्षा आणि वेगळं लायसन आणलं. बाकीचे लोक कुरकुरले, इतकी वर्षं काम केल्यावर आता परीक्षा कसली म्हणून. सरांनी मात्र माझ्या काउंटरवर बसून अभ्यास केला. पेन चावत, पोरासारखे. पास झाल्यावर पेढे वाटले.

“बाई, इतकी वर्षं मीच मला चांगला म्हणत होतो. आता दुसऱ्या कुणीतरी बघून म्हटलं.”

हे ऐकायला चांगलं वाटतं. चारचौघांत त्यांच्याबरोबर बसणं मात्र कठीण असायचं.

एका वर्षी आमच्या ओळखीत एकांकडे दीड दिवसाचा गणपती होता. मराठी मंडळी जमलेली. त्यात एक पुण्याचे गृहस्थ होते, मोठ्या कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि हौसेने लोकांच्या माना मोडून द्यायचे. मान मोडणे म्हणजे एका झटक्यात कडकन वाजवणे. आरती झाली, मोदक झाले, आणि बायकापुरुष रांगेने त्यांच्यासमोर बसायला लागले. कडकन आवाज आला की टाळ्या. माझे यजमानही रांगेत होते.

सर ताट घेऊन उभे होते. ते ताट त्यांनी फ्रिजवर ठेवलं आणि रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तसे खाली बसले आणि म्हणाले, “कुठे शिकलात?”

“छे हो, शिकायचं काय त्यात! आमच्या आजोळी सगळ्यांना येतं.”

“परवानगी कुणी दिली?”

गृहस्थ हसले. “तुमच्या मानेने.”

“आणि माझा हात लुळा पडला तर मी कुणाकडे जाऊ?”

यजमानीणबाई प्रसादाची वाटी हातात धरून तशाच उभ्या. कुणीतरी म्हणालं, “अहो साहेब, सणासुदीचं काय हे बोलणं!” सर तसेच बसून राहिले, उत्तराची वाट बघत. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. कारण सगळे माझ्याकडे बघत होते. सरांना तिथे मी घेऊन आले होते. परतीच्या रस्त्यावर आमचे हे गाडीत म्हणाले, “तुझे सर विद्वान असतील. पण माणसात न्यायच्या लायकीचे नाहीत.” मागच्या सीटवर सर बसलेले. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “बरोबर आहे.”

इतकी कार्डं वाटून तक्रार एकही आली नाही. दुसरा कुणी खूश झाला असता. सर अस्वस्थ व्हायचे. “माझ्या हातून इतक्या वर्षांत काहीच चुकलं नाही, हे शक्य आहे का बाई? चुकलं असणार. त्यांनी सांगितलं नाही.” मी म्हणायचे, सर, लोक खूश आहेत म्हणून सांगत नाहीत. ते मान हलवायचे. पटलेलं नसायचं.

आता खरी गोष्ट.

मालकाने एका बांधकाम कंपनीशी बोलणी करून शुक्रवारची सकाळ त्यांच्या कामगारांना दिली होती. शुक्रवार सुट्टीचा. शहराबाहेर मुसफ्फाकडच्या कामगारांच्या कॅम्पातून कंपनीची बस यायची, पांढरी, खिडक्यांना जाळी. पाठ धरलेली, खांदा धरलेली माणसं उतरायची. बिहारी, मल्याळी, पठाण, आणि आपल्याकडचे कोकणातले. आमच्या सोफ्यावर बसायला सांगितलं तरी बसायची नाहीत, कपड्याने सोफा मळेल म्हणून. त्यांच्याबरोबर त्यांचा कॅम्प बॉस यायचा. कोण आला, कोण गेला, कोणाला किती दिवस हलकं काम द्यायचं, ते तो बघायचा. माणसं सरांकडे बघून बोलायची आणि बोलताना एक डोळा त्याच्याकडे ठेवायची.

त्यातला एक चिपळूणकडचा, शटरिंगचा सुतार. आम्ही त्याला चिपळूणवालाच म्हणायचो. चाळिशीचा, अंगाने सुकलेला, दात पुढे. पाढ्यांची त्याला भारी गंमत. सर भिंतीकडे तोंड करून एकोणतीसचा म्हणायला लागले की हा बनियन काढता काढता मागून सूर लावायचा, “एकोनतीस सात्ते दोनशेतीन!” तीन प्रश्न मात्र त्याने कधी धड विचारले नाहीत. “कुटं शिकलात सायेब” एवढं म्हणून लाजायचा. “मी कोन तुमाला इचारनार?” पहिल्या दिवशी सरांनी ते त्याच्याकडून शब्द शब्द वदवून घेतले होते.

त्या शुक्रवारी बस उशिरा आली आणि माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. दुपारच्या नमाजाआधी सगळ्यांना मोकळं करायचं म्हणून कॅम्प बॉस “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला आटपा, करत दारात उभा. चिपळूणवाल्याला सर ओळखत होते, पाठ ओळखीची होती. एरवी प्रत्येक वेळी विचारायचे ते त्या दिवशी विचारलं नाही, की मधल्या काळात कुठे पडला आपटलास का. तो पडला होता. त्याच आठवड्यात फळीवरून घसरून बरगडीवर आपटला होता. सरांनी त्याला पालथं झोपवलं आणि पाठीवर दाब दिला. मी फाइल ठेवायला आत गेले होते. आवाज मीही ऐकला. सुकी काटकी पायाखाली यावी तसा.

सरांनी हात उचलले. “दुखलं?”

“नाय सायेब. चालू द्या.”

“दुखलं ना?”

“बरं वाटलं उलट.”

टेबलाच्या भोकातून त्याचा चेहरा दिसत नव्हता. सर खाली फरशीवर गुडघे टेकून बसले, मान वाकडी करून त्या भोकातून वर बघितलं. मग उठले आणि मला म्हणाले, “बाई, डॉक्टरांना बोलवा. एक्सरे.”

बरगडी मोडली होती. एक. धोका नव्हता. पण काही आठवडे हातोडा उचलायचा नाही.

सर त्याच्या शेजारी बसले आणि खिशातून कार्ड काढलं. “हे तुझ्याकडे आहेच. आता याचा उपयोग कर. बाई तुला लिहून देतील, तू अंगठा दे नाहीतर सही दे. चूक माझी आहे. तुझा पगार बुडता कामा नये, आणि माझी चौकशी झाली पाहिजे.”

चिपळूणवाल्याने कार्ड घेतलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं.

पुढच्या शुक्रवारी तो आला. छातीला पट्टा होता आणि हातात डझनभर केळी. सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, “सायेब, माज्यामुळं तुमाला तरास झाला. माफ करा.”

मान खाली घालून मी फाइल चाळत बसले. माझे वडील बार्शीला तेलाच्या गिरणीत होते. त्यांची दोन बोटं पट्ट्यात गेली तेव्हा शेठ घरी आले होते, आणि वडील उठून बसून त्यांना म्हणाले होते, मशीन बंद ठेवावं लागलं, माफ करा. मी तेव्हा लहान होते, पण लाज वाटायला वय लागत नाही. शिकायचं म्हणून मी जे हट्ट धरले त्यामागे ते एक वाक्य होतं. आणि आता एसीच्या खोलीत, इस्त्रीची साडी नेसून, तेच वाक्य मी समोरून ऐकत होते. मी शेठच्या बाजूला बसले होते.

सरांनी केळी खाल्ली नाहीत. स्वतःच अर्ज लिहिला, स्वतःविरुद्ध, आणि त्याच ऑफिसात नेऊन दिला. मालकाने डोक्याला हात लावला. “दुनिया में पहला आदमी देखा जो अपने ऊपर केस करता है!”

ऑफिसने सरांना आणि चिपळूणवाल्याला बोलावलं. मोठं टेबल, पलीकडे तिघं. मधोमध एक अरब डॉक्टर, वयस्क, शांत बोलणारे. चहा आला, पाणी आलं. कॅम्प बॉस बरोबर आला होता, त्याला त्यांनी नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. दुभाषी मी. सरांना मराठी येत असलं तरी त्यांनी बोलायचं नव्हतं.

मधल्या अरब साहेबांनी इंग्रजीत विचारलं, त्या दिवशी काय झालं. मी मराठीत विचारलं.

“काय नाय झालं. सायबांनी हात फिरवला, बरं वाटलं. मग कॅम्पात गेलो आन् जिन्यावरनं पडलो.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोही माझ्याकडे बघत होता, निर्मळ. दुभाष्याने भर घालायची नसते, गाळायचंही नसतं. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी स्वच्छ आहे. त्या दिवशी ते फारच स्वच्छ आलं.

सर उभे राहिले. “हे खरं नाही. माझ्या हाताखाली मोडली. मी आवाज ऐकला.”

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, त्याला सांगा, खरं बोलल्याबद्दल त्याला कुणी घरी पाठवू शकत नाही, हे मी सांगतोय. मी सांगितलं. जितकं आपुलकीने सांगता येईल तितकं सांगितलं. चिपळूणवाल्याने बंद दाराकडे एकदा बघितलं.

“ताई, त्यांना म्हनावं देवाशप्पथ पडलो. सायेब देवमानूस हाय.”

एक्सरेत बरगडी मोडलेली दिसते, कशाने मोडली ते दिसत नाही. आमच्या डॉक्टरांनी आवाज ऐकला नव्हता. मला तिथे दुभाषी म्हणून बसवलं होतं, तरी मी म्हटलं की आवाज मीही ऐकला. त्यांनी ते लिहून घेतलं. पण पेशंट स्वतः नाही म्हणतोय. पेशंटला पूर्वी काय दुखापत झाली ते दर वेळी विचारून लिहावं अशी सरांना लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटलं. साहेब उठून सरांच्या हातात हात देत म्हणाले, तुमच्यासारखे लोक कमी येतात इथे. सरांनी हात सोडवून घेतला.

बाहेर पार्किंगमध्ये चिपळूणवाला खुशीत होता. “वाचवलं का नाय सायेब?”

“कुणापासून?” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, मी तसा कधी ऐकला नव्हता. “अरे, ते ऑफिस तुझ्यासाठी आहे! माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी!”

तो हसला. दात पुढे असल्यामुळे हसला की सगळं तोंड हसायचं. “आमच्यासाटी कसलं ऑफिस सायेब.” मग कॅम्प बॉस गाडीकडे गेलेला बघून हळूच म्हणाला, “आन् तुमी गेलात तर शुक्रवारचं कोन बघनार? त्यो मालक दुसरा आनंल व्हय आमाला?”

बसची पायरी चढताना त्याचा हात बरगडीवर गेला. आम्ही बघतोय हे लक्षात आल्याबरोबर त्याने तो काढला आणि आम्हाला टाटा केला.

त्यानंतर सर दाब देण्याचं काम करेनासे झाले. हात नुसते ठेवायचे, श्वास घ्यायला सांगायचे, थोडं ताणायचे. शुक्रवारच्या लोकांना एकेकाला खोलीत घ्यायचे, दार लावून, कॅम्प बॉसला बाहेर ठेवून. आणि नवीन पेशंटचे तीन प्रश्न झाले की आता स्वतःहून एक वाक्य जोडायचे: “माझ्या हातून एका माणसाची बरगडी मोडली आहे. मी त्याला विचारायला हवं ते विचारलं नव्हतं. आता ठरवा, झोपायचं की नाही.”

मालक रडकुंडीला आला. पण मालकाचं काही नुकसान झालं नाही. पेशंट हे ऐकायचे, हसायचे, “होतं हो डॉक्टर, माणूस आहात तुम्ही” म्हणायचे आणि टेबलावर झोपायचे. इंजिनिअर झोपायचे, बँकेतले झोपायचे, शिक्षिका झोपायच्या. शिकलेली माणसं, माझ्यासारखी. प्रत्येक वेळी आतून पाढा सुरू झाला की मला कळायचं, हाही झोपला. सरांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

एका सकाळी अल ऐनहून एक मुलगी आली. तिशीची, नागपूरकडची, शाळेत शिकवणारी, कंबर धरलेली. आत गेली. मी पाढ्याची वाट बघत होते. पाढा आला नाही. दार उघडलं आणि ती पर्स खांद्याला लावून बाहेर आली. चेहरा लाल.

“सॉरी हं,” ती मला म्हणाली. “सर चांगले वाटतात. पण त्यांनी जे सांगितलं त्यानंतर मला नाही करून घ्यायचं. मी दुसरीकडे दाखवते. प्लीज राग मानू नका.”

आणि माझ्या तोंडून, इतकं सगळं बघितलेल्या माझ्या तोंडून, आपोआप बाहेर पडलं, “अहो मॅडम, घाबरू नका, इतक्या लांबून आलात, सरांचा हात फार चांगला आहे—”

“बाई.”

सर दारात उभे होते. कोमट पाण्याने हात ओले, बाह्या वर सरकवलेल्या. त्यांना इतकं आनंदात मी परीक्षेच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पोक जाऊन माणूस सरळ उभा राहिल्यासारखा दिसत होता.

“त्यांना जाऊ द्या,” ते म्हणाले. “त्या जातायत, बाई. बघा तरी.”

त्या मुलीची नजर आमच्या दोघांमध्ये फिरली. मला तिच्याकडे बघवेना. मी काउंटरमागून बाहेर आले आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.